न मळलेलं पीठ

४ मार्च, मंगळवार

अगं,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहायचं यावरच माझा बराच वेळ गेला. थोरल्या भावाला, मुख्याध्यापकांना आणि पोस्टमास्तरांना पत्र कसं लिहायचं ते गुरुजींनी शिकवलं होतं. बायकोला कसं लिहायचं हे आमच्या गावच्या शाळेत नव्हतं. चोवीस वर्षांत तशी वेळही आली नाही, कारण तू कधी दोन दिवसांपेक्षा जास्त लांब राहिलीच नाहीस. म्हणून घरात मारतो तशीच हाक मारली आहे.

लेकीचा फोन आला होता. म्हणाली, "आईला तिचं मोठं पातेलं हवंय. मावशीकडे पाठवून द्या." मी म्हटलं, "चार महिने झाले, आता पातेलं आठवलं होय?" तर म्हणाली, "बाबा, मी फक्त निरोप सांगतेय. माझी उलटतपासणी नको." आवाज अगदी तुझा. 

पातेलं पाठवतो. पण इनॅमलचं आहे, बसच्या टपावर आदळलं तर टवका उडेल. नीट खोका मिळायला हवा. बेकरीत येतात ते खोके एकतर फार मोठे, नाहीतर फार लहान. शोधतो आहे. शिवाय तुझ्या ताईकडे तू अजून किती दिवस आहेस ते कळलं तर बरं, नाहीतर पातेलं तिकडे पोहोचायचं आणि तू इकडे यायचीस.

बाकी माझं ठीक आहे. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला तुझा कागद परवा वाचला. मैदा चार वाट्या, पाणी दोन, मीठ एक चमचा, यीस्ट पाव चमचा. चमच्याने कालवणे. झाकून दहा-बारा तास ठेवणे. हात लावू नये. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा आहेत. त्या आधीपासून होत्या की नंतर ओढल्यास, मला आठवत नाही.

सुट्टी होती, म्हणून मीही करून पाहिलं. चमच्याने कालवलं, झाकलं, खुर्चीत बसलो. दहा मिनिटांनी नुसतं बघावं म्हणून झाकण काढलं. पुढचं काही विचारू नकोस. भानावर आलो तेव्हा ओट्यावर तुकतुकीत गोळा तयार होता आणि माझे हात कोपरापर्यंत मैद्याने पांढरे झाले होते. अठ्ठावीस वर्षं बेकरीत पीठ मळायच्या काथवटीपुढे उभं राहिल्यावर हात आपल्याला विचारत नाहीत.

तू का गेलीस ते मला अजून नीट कळलेलं नाही. कळवलंस तर बरं होईल.

तुझा

९ मार्च, रविवार

अगं,

तुझं उत्तर नाही. लेकीचा मात्र पुन्हा फोन आला.

"बाबा, खोका मिळाला?"

"मिळाला. पण आत भरायला पेंढा हवा."

"बेकरीत वर्तमानपत्रं नाहीत का?"

"आहेत, पण..."

"बाबा, तुम्ही पातेलं ओलीस ठेवलंय."

आपली मुलगी वकील व्हायला हवी होती. मी म्हटलं, "असं बोलतात का बापाशी?" तर म्हणते, "मग कसं बोलू? आई तिकडे ताटाने झाकलेल्या बादलीत पीठ ठेवतेय."  बादलीत. आणि तुझी मनगटं दुखरी असताना तू ती बादली उचलत असशील.

घराचं सांगतो. सकाळी चहा अजून दोन कपांचा होतो. मापच तसं बसलं आहे. दुसरा कप मी कामावरून आल्यावर गार पितो. संध्याकाळी दार उघडल्यावर मी आधी थोडा थांबतो. तुझं "पाय पुसा" ऐकू येण्याइतका वेळ. मग पाय पुसतो आणि आत येतो. देवापुढे उभा राहतो, पण हल्ली काही मागत नाही. मागायला तोंड पाहिजे.

तुझी दोन्ही मनगटं आखडली आणि डॉक्टरांनी मळणं बंद करायला सांगितलं, तेव्हापासून घरचं पीठही मीच मळत आलो. पहाटेच्या पाळीला जायच्या आधी मळून, ओल्या फडक्याखाली ठेवून जायचो. तुला वाटलं असेल की मी कर्तव्य म्हणून करतो. खरं सांगू, दिवसातलं माझं सगळ्यात आवडतं काम ते होतं. बेकरीत मी शंभर घरांसाठी मळायचो, इथे फक्त तुझ्यासाठी.

मग तू तो कागद कुठूनसा उतरवून आणलास. पहिल्याच दिवशी हसून म्हणालीस, "बघा, हा पाव तुमच्याशिवाय होतो." मीही हसलो. पाव मात्र खाल्ला नाही. म्हणालो, "बेकरीवाल्याने घरचा पाव खाल्ला तर मालक कामावरून काढेल." तू चार-पाच वेळा केलेस आणि दर वेळी मी तोच विनोद केला. तू दर वेळी थोडी कमी हसलीस, हे आता मोजता येतं.

तू जायच्या आधीच्या दिवसाबद्दल एक सांगायचं राहिलं. वाचनालयातल्या बाईंनी नव्या खोलीच्या उद्घाटनाला तुला चाळीस पाव सांगितले होते. तुझं पहिलं काम. तू आदल्या रात्रीच पीठ कालवून ठेवलंस आणि दुपारी कागदी पिशव्या आणायला बाजारात गेलीस. मी पाळी संपवून घरी आलो आणि झाकण उघडून पाहिलं. तू विचारलंस तेव्हा मी ते बोललो नव्हतो. उघडून पाहिलं होतं, एवढंच.

खोका आतून मोजला. पातेलं बसतं.

तुझा

१६ मार्च, रविवार

अगं,

बेकरीतल्या गमतीने सुरुवात करतो. मी हल्ली अधूनमधून भट्टीवाल्याकडून थोडा मैदा विकत घेतो. त्याने विचारलं, "मिस्त्री, घरी पाहुणे आलेत?" मी सांगितलं की न मळता पाव करायला शिकतोय. त्याने हातातलं लांब फावडं खाली ठेवलं.

"न मळता?"

"न मळता."

"म्हणजे पोहायला शिकतोय, पण पाण्यात न उतरता, तसं?"

"तसं नाही. पीठ सैल ठेवायचं, वेळ द्यायचा. ते आपलं आपण धरतं."

"आपलं आपण धरतं!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला. "मालक, ऐकलं का? पीठ मळायला मिस्त्रीची गरज नाही म्हणतात. मिस्त्रीच म्हणतात!"

सगळे हसले. मालक गल्ल्यावरून म्हणाले, "मिस्त्री, असलं काही गिऱ्हाइकांना सांगू नका." मीही हसलो. पण त्याचं वाक्य दिवसभर कानात राहिलं. मला वाटतं तुझ्या पातेल्यात डोकावलो तेव्हा मला त्याच वाक्याची भीती वाटली होती.

आतापर्यंत चार वेळा केले. दुसऱ्यांदा मी हात पाठीमागे बांधून खुर्चीत बसलो. तरी तासाभरात उठलो आणि "जरासंच" म्हणून कडेने दुमडलं. तिसऱ्यांदा पातेल्यावर पोळपाट ठेवून वर पाण्याने भरलेली कळशी ठेवली. कळशी उतरवायला मला पाच मिनिटं लागली, पण उतरवली. चौथ्यांदा, म्हणजे आज, पहाटे कालवलं आणि घराबाहेर पडलो. सुट्टीचा दिवस, जायला कुठे नाही. देवळात प्रार्थनेच्या वेळेआधीच जाऊन मागच्या रांगेत बसलो. प्रार्थना झाली, लोक गेले, झाडणारी बाई माझ्या पायाखाली केरसुणी घालून म्हणाली, "दादा, देव पण जेवायला गेले." तरी बसलो. मग नदीपर्यंत चालत गेलो, परत आलो. घराभोवती दोन फेऱ्या मारल्या. मी इतका वेळ कुठल्याच गोष्टीला हात न लावता याआधी कधी काढलेला नाही.

संध्याकाळी झाकण काढलं. पातेलं जवळजवळ काठापर्यंत भरलं होतं. वर बुडबुडे, त्यातले काही माझ्यासमोर फुटत होते. कडेला बोट लावलं तर आत जाळीच जाळी. कुणी मळलं नव्हतं आणि ते धरलं होतं. मी किती वेळ बघत होतो ते सांगता येणार नाही.

याच अवस्थेतलं तुझं पीठ त्या दिवशी मी पाहिलं होतं. सैल, पसरलेलं, बुडबुड्यांचं. मला वाटलं, बिघडलं. आता संध्याकाळी चाळीस माणसांपुढे हिची फजिती होणार. तू बाजारातून यायला अजून तास होता. मी त्यात तीन वाट्या मैदा घातला आणि वीस मिनिटं मळलं. मनापासून मळलं. इतकं चांगलं पीठ मी बेकरीतही क्वचित मळलं असेल. मग पातेल्याच्या कडा पुसल्या, झाकण होतं तसं ठेवलं आणि आंघोळीला गेलो.

मला मदत करायची होती. हे वाक्य मी लिहिलं, खोडलं आणि पुन्हा लिहिलं. राहू दे.

आज केलेले पाव बसके झाले. एका बाजूने करपले. मीठही विसरलो. एकटाच खात बसलो होतो आणि समोरच्या खुर्चीकडे बघून म्हणालो, "मीठ नाही गं." उत्तर नाही आलं, पण बोलून बरं वाटलं.

तुझा

२३ मार्च, रविवार

अगं,

गेल्या पत्रात मी सगळं सांगितलं असं तुला वाटेल. नाही सांगितलं.

त्या संध्याकाळी वाचनालयात पाव वाटले गेले. उंच, गोल, सगळे एका मापाचे. कुणीतरी म्हणालं, "अगदी बेकरीतल्यासारखे झालेत!" दुसरा एक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मिस्त्री, तालीम चांगली दिलीत." मी हसून म्हणालो, "शेवटी घर कुणाचं आहे!" तू दोन हातांवर ट्रे धरून माझ्या मागे उभी होतीस. मी मागे वळून पाहिलं नाही. तुझ्याकडे बघवलं नाही असं नव्हे. बघायचं सुचलंच नाही, इतका मी खूश होतो.

घरी आल्यावर तू टेबलाला हात टेकून उभी राहिलीस. ओरडली नाहीस. "तुम्ही पिठाला हात लावलात?" एवढंच विचारलंस. मी नाही म्हणालो. तू म्हणालीस, "गोळे करायला हात घातला तेव्हाच मला कळलं. फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय." माझ्या नखांत पीठ होतं. पण ते रोजच असतं, त्यावरून काही सिद्ध होत नाही, असा हिशेब माझ्या मनाने त्या क्षणी केला. आणि मी म्हणालो, "देवाची शपथ, नाही."

देव तिथेच होता, कोनाड्यात. दिवा तूच लावला होतास.

तू सकाळी बॅग भरलीस. मी लोकांना सांगत राहिलो की ताईची तब्येत बरी नसते म्हणून तू गेलीस. तुलाही लिहिलं की तू का गेलीस ते मला कळत नाही. तेही खोटंच. पिठासाठी तू गेली नसतीस. पिठासाठी तू दोन दिवस अबोला धरला असतास आणि तिसऱ्या दिवशी मला टोमणा मारला असतास. तू शपथेसाठी गेलीस. मी तुझ्यासमोर उभा राहून तुझेच हात खोटे ठरवले.

मी गावातला साधा माणूस. देवाला घाबरून वाढलो. कुणाचं घेतलं नाही, कुणाला फसवलं नाही, असं मनात म्हणत रोज झोपायचो. आता तेवढं म्हणता येत नाही.

काल वाचनालयात गेलो. बाई नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. मी म्हटलं, "नोव्हेंबरात तुम्ही जे पाव खाल्लेत ते माझ्या बायकोचे नव्हते."

त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अहो, तिनेच आणले होते की."

"पीठ तिचं. पण ती नसताना मी ते मळलं. न विचारता. आणि वर शाबासकी घेतली."

शिक्का तसाच हातात राहिला. "मग तिचे खरे पाव कसे असतात?"

"माहीत नाही. मी खाल्लेले नाहीत."

"इतक्या वेळा केले म्हणत होती ती. एकदाही नाही?"

"नाही."

"काय माणूस आहात हो तुम्ही," त्या म्हणाल्या. मला राग आला नाही. बरं वाटलं, कुणीतरी म्हटलं म्हणून. मग त्या म्हणाल्या, "पाच तारखेला मुलांसाठी गोष्टींचा कार्यक्रम आहे. तेव्हा करेल का ती?"

"करेल की!" माझ्या ओठांवर आलं होतं. मी तुझ्या वतीने हो म्हणणार होतो, खोका-बिका विसरून उद्याच तुझ्या दारात येणार होतो आणि ही बातमी तुला जणू बक्षीस म्हणून देणार होतो. ओठ मिटले. म्हणालो, "तिचं तिला विचारा." आणि ताईचा नंबर लिहून दिला. रागाने नाही, पण अक्षर फार वाईट आलं.

पातेलं आज निघालं. पेंढा नाही, तुझी जुनी चादर गुंडाळली आहे. बसचालक ओळखीचा आहे, पायाशी ठेवतो म्हणाला. कपाटाच्या दारावरचा कागदही आत घातला आहे. मला तो आता पाठ आहे. सुरुवातीलाच खोका मिळाला होता. बेकरीत त्या मापाचे बारा होते. मला वाटत होतं, पातेलं इथे आहे तोवर तुला एकदा तरी यावं लागेल.

तू वाचून हे पत्र फाडलंस तरी चालेल.

६ एप्रिल, रविवार

अगं,

काल आपण भेटलो आणि आज मी तुला पत्र लिहितो आहे. समोर असताना जे बोलता येत नाही ते कागदावर येतं, ही सवय मला या वयात लागली.

तू येणार हे बाईंनी सांगितलं होतं. "तिने हो म्हटलंय. तुम्ही यायचं की नाही याबद्दल काही म्हटलं नाही," असं सांगितलं. दोन दिवस मी त्या वाक्याचा अर्थ लावत होतो. भट्टीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "नको म्हटलं नाही ना? मग इस्त्री करा."

तू टेबलामागे होतीस. केस आखूड केलेस. ताईचा करडा स्वेटर घातला होतास. मुलं आधी, मग त्यांचे आईबाप, मग मी. रांगेत माझ्यापुढे आठ माणसं होती. चोवीस वर्षं मी तुला रोज पाहिलं, पण आठ माणसांच्या अंतरावरून, हातात रिकामी बशी घेऊन, कधी पाहिलं नव्हतं. मला पळून जावंसं वाटत होतं आणि रांग आणखी लांब असती तर बरं, असंही वाटत होतं.

पाव बसके होते. एकासारखा दुसरा नाही. वरचा भाग जाड, तडकलेला. तोडला तेव्हा आवाज झाला आणि आत मोठमोठी भोकं, ओलसर, किंचित आंबूस वास. आमच्या बेकरीत असा पाव निघाला तर मालक बाजूला काढेल. मी तिथेच टेबलाशी उभा राहून खाल्ला. मागचा माणूस म्हणाला, "अहो, पुढे सरका की." मी सरकलो नाही.

तू विचारलंस, "कसा आहे?"

मी म्हटलं, "मला असा करता आला नाही."

"खोटं बोलू नका."

"खरंच. नऊ वेळा केले."

"नऊ?" तू म्हणालीस. तोंडावर हात ठेवलास. पण तुझे खांदे हलत होते, मी पाहिलं. "न मळता?"

"पहिले तीन मळून."

मागच्या माणसाने हे सगळं ऐकलं आणि आपली बशी पुढे केली. तू त्याला पाव दिलास. मग एका लहान मुलीने तिसरा मागितला. तुझं तिकडे लक्ष गेलं, आणि मी भिंतीकडे सरकलो. कुणीतरी मला विचारलंच, "काय मिस्त्री, हे तुमचे?" मी म्हटलं, "नाही. त्यांचे." एवढंच. पुढे काही जोडायला तोंड उघडत होतं, पण मी पाव खाल्ला.

पातेलं मी थांब्यापर्यंत उचलू का, असं विचारलं. तू थोडा वेळ माझ्याकडे बघितलंस आणि एक कान मला धरू दिलास. दुसरा तू धरलास. रस्ताभर ते आपल्या दोघांमध्ये हलत होतं. आपण भाजीच्या दुकानाबद्दल बोललो, लेकीच्या नव्या घराबद्दल बोललो. तुला शेजारच्या गावातूनही पाव सांगितलेत म्हणालीस. मी "वा" म्हणालो. आणखी काही म्हणायला हवं होतं का?

बस दिसली तेव्हा तू तिच्याकडे बघतच म्हणालीस, "ते पत्र मी ताईला दाखवलं नाही."

"कुठलं?"

"माहितीये तुम्हाला कुठलं."

 तुझ्यासाठी पाच महिने मी काय काय शब्द जमवून ठेवले होते. एकही हाताला लागला नाही. तू पायरीवर चढलीस, वर पातेलं घेतलंस, आणि दारातून कागदात गुंडाळलेले दोन पाव माझ्या हातात दिलेस. म्हणालीस, "ठेवून देऊ नका. शिळे होतात." चालक म्हणाला, "बाई, आत या, दार लावायचंय." आणि बस गेली.

घरी आलो. पाय पुसले. दोन्ही पाव उभ्यानेच खाल्ले, दुसरा भूक नसताना. आज सकाळी देवापुढे उभा राहिलो आणि कितीतरी दिवसांनी काहीतरी मागितलं. काय मागितलं ते सांगत नाही.

ये असं मी लिहिणार नाही. काल रात्रीपासून ते लिहायचं टाळतो आहे. पातेलं तुझ्याकडे गेलं, कागद गेला, घ्यायला यावं असं तुझं इथे काही उरलेलं नाही. तेव्हा आलीस तर काही न्यायला येणार नाहीस. नुसतीच येशील.